तुमचे प्रश्न: आईची इम्युनिटी आणि गरोदरपणातल्या गोळ्या

या वेळी गरोदर मैत्रिणींची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं एकत्र घेतलीयेत, कारण पंधरा वेगवेगळ्या शब्दांत सगळे एकच विचारतायत, इम्युनिटी वाढवायला काय घेऊ? नावं कुणाचीच छापलेली नाहीत. आणि प्रत्येकीचे रिपोर्ट वेगळे असतात, त्यामुळे इथे वाचलेलं तुमच्या डॉक्टरांशी बोलून मगच करायचं.

प्रश्न: ताई, मला तिसरा महिना चालू आहे. सगळे सांगतात की प्रेग्नन्सीत इम्युनिटी एकदम खाली जाते म्हणून बूस्टर काहीतरी घेच. खरंच इतकी कमी होते का? मला आता शिंक आली तरी भीती वाटते.

शिंकेला घाबरू नकोस गं, आधी ती भीती बाजूला ठेव.

"इम्युनिटी खाली जाते" हे अर्धवट आहे आणि याच अर्धवट वाक्यावर बूस्टरवाल्यांचा सगळा धंदा चालतो. बाळ अर्धं वडिलांचं असतं, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने ते अर्धं परकं, मग शरीर ते बाहेर का टाकत नाही हा प्रश्न पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला, आणि तेव्हा असं वाटलं होतं की आईची प्रतिकारशक्ती दबून जात असणार. पण नंतर जसजसं बघत गेले तसं चित्र वेगळं निघालं. पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या बहुसंख्य चक्क नॅचरल किलर पेशी असतात, नाव मारक असलं तरी त्या तिथे बाळावर हल्ला करत नाहीत, उलट वारेला (प्लासेंटाला) भरपूर रक्त मिळावं म्हणून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात. म्हणजे प्रतिकारशक्ती झोपलेली नाहीये, ती कामाला लागलेली आहे, फक्त काम बदललंय.

महिन्यांप्रमाणे तिचा कल पण बदलतो. सुरुवातीला गर्भ रुजताना थोडी सूज आणणारी बाजू वर असते, मधल्या महिन्यांत शांत करणारी बाजू वर येते आणि प्रसूती जवळ आली की पुन्हा सूजेची बाजू जागी होते. संधिवाताच्या (म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसच्या) खूप बायकांचं दुखणं गरोदरपणात कमी होतं आणि बाळंतपणानंतर परत उसळतं, ते याच्यामुळेच.

आता धोका नसतोच असं मी म्हणत नाहीये. फ्लू, कांजिण्या, मलेरिया, लिस्टेरिया (दूषित अन्नातून होणारं इन्फेक्शन) असे काही आजार गरोदरपणात जास्त जड जातात हे खरं आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या साधारण १ टक्का होत्या पण मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता. पण यात सगळा दोष इम्युनिटीचा नाही, पोट वाढलं की छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, फुप्फुसांना जागा कमी पडते, हृदयावर काम वाढलेलं असतं, लघवीच्या नळ्या हार्मोन्समुळे सैल पडतात म्हणून युरिन इन्फेक्शन लवकर होतं. यातलं काहीच कुठल्या पावडरीने बदलत नाही.

मग सप्लिमेंटचं काम काय? कमी असेल तर भरून काढायचं. लोह, फोलेट, बी-१२, व्हिटॅमिन डी, झिंक, यातलं काही कमी पडलं तर रोगाशी लढणाऱ्या पेशी नीट तयार होत नाहीत किंवा नीट काम करत नाहीत, तेव्हा कमतरता भरली की फरक पडतो. पण जे पुरेसं आहे त्यात अजून ओतलं म्हणून प्रतिकारशक्ती दुप्पट होत नाही. शिवाय गरोदरपणात ती वाटेल तशी चढलेली आपल्याला नकोच आहे, ती तोल सांभाळून चालायला हवी. तुला तिसरा महिना आहे ना, तर फॉलिक अॅसिड चालू असेल, ब्लड रिपोर्ट झाले नसतील तर करून घे, आणि त्यात जे कमी निघेल तेवढंच घे.

प्रश्न: चौथा महिना. डॉक्टरांनी मल्टिव्हिटॅमिन दिलंय, बहिणीने कॉड लिव्हर ऑइल आणून दिलं ते रोज एक चमचा घेते, आणि दोन आठवड्यांपासून इम्युनिटी पावडर दोन स्कूप दुधात घेतेय. तिन्हीच्या लेबलचे आकडे खाली लिहिलेत. चालेल ना?

आकडे लिहून पाठवलेस त्याबद्दल तुझं खूप कौतुक, बहुतेक जणी नुसतं "हे घेऊ का" विचारतात आणि मग मला काहीच सांगता येत नाही. चल सगळ्यांसमोरच बेरीज करूया, म्हणजे बाकीच्यांनाही आपापले डबे घेऊन बसता येईल.

आधी व्हिटॅमिन ए. तुझ्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये २५०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक), कॉड लिव्हर ऑइलच्या चमच्यात ४०००. पावडरच्या लेबलवर २००० लिहिलंय पण बारीक अक्षरात "प्रति स्कूप" आहे आणि तू दोन घेतेस म्हणजे ४०००. झाले १०,५०० आययू. रेटिनॉल प्रकारच्या व्हिटॅमिन ए ची गरोदरपणातली वरची मर्यादा दिवसाला १०,००० आययू, म्हणजे ३००० मायक्रोग्रॅम आहे. तू ती ओलांडलीयेस, आणि तिन्ही डब्यांपैकी एकट्या डब्यावर बघितलं तर कुठेच काही गडबड दिसत नाही, हीच अडचण आहे.

घाबरू नको पण ऐक. १९९५ मध्ये अमेरिकेत २२ हजारांवर गरोदर स्त्रियांचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात सप्लिमेंटमधून दिवसाला १०,००० आययूच्या वर व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांच्या बाळांमध्ये चेहरा, कवटी, हृदय या भागांचे दोष जास्त आढळले, आणि हा धोका मुख्यतः सातव्या आठवड्याच्या आधी घेणाऱ्यांमध्ये दिसला. तू पावडर चौथ्या महिन्यात सुरू केलीस, त्याआधी तुझी बेरीज ६५०० च होती, त्यामुळे रात्रभर जागं राहण्यासारखं काही नाही. तरी कॉड लिव्हर ऑइल आणि पावडर आजपासून बंद कर आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सांग. फळं-भाज्यांतलं बीटा कॅरोटिन वेगळं, ते शरीर लागेल तेवढंच ए मध्ये बदलतं, त्याची भीती नाही. लेबलवर रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट किंवा रेटिनिल अॅसिटेट दिसलं की मोजायचं.

व्हिटॅमिन डी: ४०० अधिक ४०० अधिक २०००, म्हणजे २८०० आययू. वरची मर्यादा ४००० आहे, त्यामुळे हे आत आहे, पण रिपोर्ट न बघता एवढं घ्यायचं कारण पण नाही. झिंक: १५ अधिक २४, ३९ एमजी. मर्यादा ४० ची. झिंक सतत जास्त गेलं की तांबं कमी शोषलं जातं आणि तांबं कमी झालं की पांढऱ्या पेशीच कमी व्हायला लागतात, म्हणजे ज्या इम्युनिटीसाठी डबा आणला तिचंच नुकसान.

आणि आता त्या पावडरमधली सगळ्यात न आवडलेली ओळ, "हर्बल ब्लेंड ८०० एमजी". आत अश्वगंधा आणि ज्येष्ठमध आहे असं लिहिलंय पण कोणतं किती ते नाही. अश्वगंधा गरोदरपणात टाळायला सांगतात. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असतं, ते वारेतल्या एका एन्झाइमला अडवतं, आणि ते एन्झाइम आईचं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) बाळापर्यंत जास्त पोचू नये म्हणून पहारा देत असतं. फिनलंडमध्ये यावर अभ्यास झाले, ज्या आयांनी गरोदरपणात ज्येष्ठमधाच्या वस्तू भरपूर खाल्ल्या त्यांच्या मुलांचे बुद्धीच्या चाचण्यांचे गुण सरासरीने कमी आले. कधीतरी एखादी गोळी चघळली तर काही होत नाही, पण रोज किती जातंय तेच कळत नसेल तर तो डबा गरोदर बाईसाठी नाही, मग त्यावर "नैसर्गिक" कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असो.

प्रश्न: सर्दी झालीये, व्हिटॅमिन सी च्या १००० च्या गोळ्या घेऊ का? सहावा महिना.

नको. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या सी चा ठोस उपयोग दिसलेला नाही, आधीपासून रोज घेणाऱ्यांची सर्दी सरासरी ८ टक्के लवकर जाते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस. गरोदरपणात गरज दिवसाला ८५ एमजीच्या आसपास असते आणि ती जेवणातून सहज निघते. २००६ मध्ये एक मोठी चाचणी झाली होती, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) टळावा म्हणून गरोदर बायकांना रोज १००० एमजी सी आणि ४०० आययू ई दिलं, प्रीएक्लॅम्प्सिया तर टळला नाहीच, उलट कमी वजनाची बाळं त्याच गटात जास्त झाली. डब्ल्यूएचओ पण सी आणि ई वेगळ्याने द्यायची शिफारस करत नाही. वाफ घे, आराम कर, पाणी पी. ताप आला तर मात्र अंगावर काढू नकोस, लगेच डॉक्टरांना फोन, आणि दुकानातून सर्दीची कॉम्बिनेशन गोळी आपल्या मनाने आणायची नाही.

प्रश्न: मॅडम, हिमोग्लोबिन ९.८ आलंय. आयर्नच्या गोळ्यांनी इतकी बद्धकोष्ठता झाली की महिनाभर बंदच केल्या, घरी कुणाला सांगितलं नाहीये. शी पण काळी होत होती. आता इम्युनिटीसाठी दुसरं काही घेतलं तर भरून निघेल का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बरं केलंत लिहिलंत, आणि ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांनाही जशीच्या तशी सांगा, त्या रागावणार नाहीत, असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. त्यांना माहीतच नसेल तर त्या रिपोर्ट बघून डोस वाढवतील आणि त्रास अजून वाढेल.

नाही, दुसऱ्या कशाने भरून निघणार नाही. तुमची इम्युनिटीची गोळी म्हणायची असेल तर ती आयर्नचीच आहे. जंतू दिसला की लिम्फोसाइट नावाच्या पेशी भराभर दुप्पट-चौपट व्हाव्या लागतात, त्याला लोह लागतं, आणि न्यूट्रोफिल पेशी गिळलेल्या जंतूला ज्या एन्झाइमने मारतात त्याच्यातही लोह असतं. गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन गेलं की अॅनिमिया धरतात, ९.८ म्हणजे डब्ल्यूएचओच्या हिशोबाने मध्यम. पूर्ण गरोदरपणाला मिळून साधारण १००० एमजी लोह जास्तीचं लागतं, बाळाला, वारेला, तुमच्या वाढलेल्या रक्ताला, आणि बाळंतपणात रक्त जातं ते वेगळंच. साठा रिकामा असताना प्रसूतीत थोडा जरी जास्त रक्तस्राव झाला तरी शरीराला तो झेपत नाही, मला खरी काळजी त्याची आहे.

काळ्या शी ची काळजी सोडा, न शोषलेलं लोह बाहेर पडतं त्याचा तो रंग. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तरच दाखवा.

बद्धकोष्ठतेवर मार्ग आहेत. तुमच्या पाकिटावर बघा, "फेरस फ्युमरेट ३०० एमजी" असं असेल तर त्यातलं खरं लोह साधारण १०० एमजी, आणि "फेरस ग्लुकोनेट ३०० एमजी" असेल तर साधारण ३५, वरचा आकडा सारखाच दिसतो पण आतलं तिप्पट कमी-जास्त असतं. म्हणून कोणती गोळी होती ते पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा, कमी लोहाची देता येते, दुसऱ्या क्षारात देता येते. एक दिवसाआड घेणं पण काहींना चालतं, कारण एक डोस गेला की हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण कमी करतं, मात्र तुमचं आधीच कमी असल्यामुळे हे ठरवायचं डॉक्टरांनी. शी मऊ करणारं गरोदरपणात चालणारं औषध सोबत देतात ते मागून घ्या. आणि काहीच सोसलं नाही तर पहिले तीन महिने झाल्यावर शिरेतून लोह देता येतं. इतके रस्ते असताना गोळी गुपचूप बंद करायची वेळ तुमच्यावर यायला नको होती.

घेताना चहा-कॉफी तासभर आधी आणि तासभर नंतर टाळा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, एक सकाळी एक रात्री. ताप किंवा इन्फेक्शन चालू असेल तेव्हा विचारून घ्या, तेव्हा शरीर स्वतःच लोह लपवून ठेवतं कारण जंतूंनाही ते हवं असतं. आणि घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कुलपात ठेवा, मूठभर गोळ्या पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं, खरोखर कुलपात.

प्रश्न: मला उशिरा कळलं, फॉलिक अॅसिड नवव्या आठवड्यात सुरू झालं. बाळाला काही होईल का? रोज गुगल करून रडते.

अगं रडू नकोस. बाळाच्या मेंदू-कण्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, म्हणून आधीपासून ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात, ते खरंय. पण जगातल्या जवळपास निम्म्या प्रेग्नन्सी न ठरवता राहिलेल्या असतात आणि त्यातल्या बहुतेक बाळांची नळी व्यवस्थितच बंद होते, जेवणातूनही फोलेट जात असतं. सोनोग्राफीत कणा आणि डोकं बघतात, ती ठरल्या वेळी चुकवू नकोस. गोळी चालू ठेव, नव्या पेशी आणि रक्त बनायला फोलेट अजून लागणारच आहे. मांसाहार आणि दूध-अंडी अजिबात नसेल तर बी-१२ पण तपासून घे, कारण फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि बी-१२ ची कमतरता मागे लपून राहते.

(ज्यांच्या आधीच्या बाळाला असा दोष होता, किंवा ज्यांना डायबिटीस आहे, फिटची औषधं चालू आहेत त्यांनी दुसऱ्या प्रेग्नन्सीच्या आधीच डॉक्टरांना भेटा. आधी असं बाळ झालेल्या आयांना ४ एमजीचा, म्हणजे दहापट डोस दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला, १९९१ ची चाचणी आहे. दहापट डोस हा यांच्यासाठी, सगळ्यांसाठी नाही.)

प्रश्न: बायको सात महिन्यांची गरोदर आहे. मला लहानपणापासून दमा आहे, बाळाला होऊ नये म्हणून तिला प्रोबायोटिक आणि फिश ऑइल द्यावं असं वाचलं. तुमचं मत काय?

दोन्हीचं मत वेगळं आहे दादा.

फिश ऑइलबद्दल आशा वाटावी असं काम झालंय. डेन्मार्कमध्ये सातशेच्या वर गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३ किंवा दुसरं साधं तेल दिलं, २०१६ मध्ये निकाल आला, सतत घरघर किंवा दमा होणाऱ्या मुलांचं प्रमाण ओमेगा-३ वाल्यांत १६.९ टक्के आणि दुसऱ्या गटात २३.७ टक्के. जास्त फायदा कुणाला झाला, तर ज्या आयांच्या रक्तात ओमेगा-३ मुळातच कमी होतं त्यांच्या मुलांना. परत तेच, कमतरता भरून काढणं. ओमेगा-३ ने वेळेआधी होणाऱ्या प्रसूती थोड्या कमी होतात हे पण ७० चाचण्या एकत्र करून बघितलंय, ३७ आठवड्यांच्या आधीच्या प्रसूती १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर आल्या. तेव्हा त्या मासे खात नसतील तर डॉक्टरांना विचारा, फक्त फिश ऑइल आणा, कॉड लिव्हर नाही, वरचं उत्तर वाचलंत तर का ते कळेल. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आधी सांगा. पण २.४ ग्रॅम हा बराच मोठा डोस आहे, तो आपल्या मनाने सुरू करू नका.

प्रोबायोटिक मात्र मी सांगणार नाही, आणि कारण दम्याचं नाही, आईच्या सुरक्षिततेचं आहे. गरोदरपणातला डायबिटीस टळतो का हे बघायला ज्या चाचण्या झाल्या त्या २०२१ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा डायबिटीस टळल्याचं दिसलं नाही आणि प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये वाढलेलं दिसलं. साधं दही खाण्याबद्दल हे नाहीये, कॅप्सूलबद्दल आहे. आणि तुमच्या बाळाच्या फुप्फुसांसाठी तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घरात, गाडीत, बायकोच्या आसपास कुणीही सिगरेट ओढायची नाही.

प्रश्न: मी सगळी सप्लिमेंट्स वेळेवर घेते, रिपोर्ट पण छान आहेत. मग लस घ्यायची गरज आहे का? २५ वा आठवडा चालू आहे आणि मला या काळात इंजेक्शन नको वाटतं.

गरज आहे. आणि तुझा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण इम्युनिटीचा विषय काढला की सगळे डब्यांबद्दल बोलतात आणि जी गोष्ट खरंच आईकडून बाळाकडे जाते तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

वारेतून आयजीजी नावाच्या अँटिबॉडीज बाळाकडे जातात. नुसत्या झिरपत नाहीत, वारेत खास रिसेप्टर असतात, ते आईच्या रक्तातल्या अँटिबॉडीज धरून पलीकडे पोचवतात. हे साधारण तेराव्या आठवड्यापासून सुरू होतं पण बराचसा साठा शेवटच्या तिमाहीत जातो, इतका की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात जन्मताना आयजीजी कधीकधी आईपेक्षा जास्त असतं. पण आईकडे ज्या रोगाच्या अँटिबॉडीज आहेत त्याच जाणार. डांग्या खोकल्याच्या तुझ्याकडे नसतील तर कितीही झिंक घेतलंस तरी त्या तयार होणार नाहीत, त्यासाठी शरीराला तो जंतू किंवा लस दिसावी लागते.

डांग्या खोकल्याने जी बाळं दगावतात त्यातली बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतली असतात, आणि बाळाची स्वतःची लस दीड-दोन महिन्यांनी सुरू होते, मधला काळ पूर्णपणे आईच्या अँटिबॉडीजवर असतो. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये साथ वाढल्यावर गरोदर स्त्रियांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये तिने ९१ टक्के संरक्षण दिलं. गरोदरपणातल्या कुठल्याही सप्लिमेंटचा असा आकडा मी तरी बघितलेला नाही.

फ्लूची लस कुठल्याही महिन्यात चालते, बाळाला स्वतःला ती सहा महिन्यांपर्यंत देता येत नाही म्हणून तुझीच त्याच्या कामाला येते. डांग्या खोकल्याची काही देशांत २७ ते ३६ आठवड्यांत देतात, काही ठिकाणी १६ व्या आठवड्यापासून. आरएसव्हीची (लहान बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणाऱ्या विषाणूची) पण आता गरोदर स्त्रियांसाठीची लस आहे, २०२३ मध्ये आली, जिथे मिळते तिथे शेवटच्या तिमाहीत देतात. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी मात्र जिवंत विषाणूंच्या असतात, त्या गरोदरपणात घेत नाहीत, त्या बाळंतपणानंतर.

इंजेक्शन नको वाटतं हे मी समजू शकते, दंड एक-दोन दिवस दुखेल, कदाचित अंग कसकसेल. पण अँटिबॉडीज भरपूर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि मग त्या पलीकडे जायला अजून वेळ हवा, म्हणून अगदी शेवटपर्यंत थांबू नकोस. २५ वा आठवडा म्हणजे तू अगदी वेळेत आहेस. पुढच्या व्हिजिटला जाताना तुझ्या आधीच्या लसींची फाइल सापडली तर घेऊन जा, नाही सापडली तरी जा, आणि सगळ्यात आधी हेच विचार की माझी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची कोणत्या आठवड्यात देणार. घरात बाळाला जे कायम उचलणार आहेत त्यांच्याही लसी बाकी असतील तर बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी उरकून घ्यायला सांग.